तबला काढून देतो म्हणाला

गेल्या आठवड्यात आमच्या भजनी मंडळातल्या आणखी दोघांना, जुन्या गाण्यांतून तबला काढून देतो म्हणणाऱ्या त्याच माणसाचा मेसेज आला, तेव्हा लाज गुंडाळून ठेवली आणि लिहायला बसलो. मी १०,६०० रुपये घालवले आहेत.

मी फोंडा तालुक्यात राहतो. जत्रेला आमच्या गावचं संगीत नाटक असतं. यंदा नेहमीचे तबलजी मुलाकडे मुंबईला गेले आणि तबला-डग्गा माझ्यापुढे सरकवला गेला. मी आरत्या-भजनांचा वादक. भजनी ठेका झोपेतही वाजवीन, पण नाट्यपदात गायक तान घेऊन समेवर कधी उतरेल याचा नेम नसतो. त्यातून हा लयीचे बादशहा खाप्रूमामा पर्वतकरांचा गोवा. इथे मात्रा चुकली तर मंडपाच्या शेवटच्या रांगेतली म्हातारीसुद्धा शेजारणीकडे वळून बघते.

ऑर्गनवाला तालमीला आठवड्यातून एकदाच मिळायचा. बाकीचे दिवस जुन्या रेकॉर्डिंगबरोबर बसायचो. त्यात अडचण अशी, की मूळचा तबला तिथे वाजतच असतो. तुमची मात्रा सुटली तरी तो सांभाळून घेतो आणि तुम्हाला कळतही नाही. तबला नसलेलं रेकॉर्डिंग मिळालं तर बरं, असं मी एकदोघांपाशी बोललो होतो. आठ दिवसांत मेसेज हजर: ‘नाट्यगीते तबल्याशिवाय. स्टुडिओच्या मूळ मल्टिट्रॅक टेपवरून.’

फोन केला. गडी गोड बोलणारा, स्वतःला मडगावचा म्हणवणारा. “बाब, त्या काळी प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचे. आमच्याकडे ओरिजिनल आहे. तबल्याचा ट्रॅक तेवढा बंद करायचा, झालं.” पदाला ६५० रुपये. मी १४ पदांची यादी पाठवली. त्यातली पाच मास्टर दीनानाथांच्या काळातली होती.

इथेच मी थांबायला हवं होतं. दीनानाथ गेले १९४२ साली. तेव्हा गायक, पेटी, सारंगी, तबला सगळे एका खोलीत बसून एकदम वाजवत आणि तो आवाज थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जाई. १९२५च्या आसपास मायक्रोफोन आला. त्याआधी भोंग्यात तोंड घालून गायचं. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून. इथे टेपच नव्हती, तर मल्टिट्रॅक कुठली? जे वेगळं कधी मुद्रितच झालं नाही ते हा वेगळं काढून देणार होता. आणि मी कोण, तर लहानपणी वडिलांच्या तबकड्या मऊ फडक्याने पुसणारा मुलगा! दीनानाथांचं मंगेशी माझ्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. पण डोळ्यांपुढे जत्रेची तारीख होती, आणि त्याने ती मला बोलता बोलता दोनदा विचारून घेतली होती.

नमुना म्हणून त्याने चाळीस सेकंदांचा तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवर धाडला. फोनवरच ऐकला. डग्गा गायब! चाटीचं, म्हणजे तबल्याच्या काठावरचं, काहीतरी बारीक ऐकू येत होतं, ते मला ऑर्गनच्या भात्याचं वाटलं. खरी गंमत पुढे कळली. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून डग्ग्याचा खर्ज बाहेर येतच नाही जवळजवळ. कुठलंही पद फोनवर ऐका, अर्धा डग्गा आपोआप गेलेला असतो. तेव्हा नमुना ऐकायचा तर चांगले हेडफोन लावून, आणि तुकडा आपण सांगू तो मागायचा, तो देईल तो नव्हे.

अर्धे पैसे आधी दिले, उरलेले ‘काम तयार आहे’ म्हणाल्यावर. मग १,५०० रुपये ‘जुन्या टेप उघडायचा चार्ज’. पैसे पोचल्यावर चौदापैकी अकरा फाइल आल्या आणि त्याचा फोन बंद झाला.

भाचा मडगावला एका बँडमध्ये ड्रम वाजवतो. त्याने लॅपटॉपवर फाइल लावल्या, दोन मिनिटं ऐकल्या आणि म्हणाला, “मामा, तुका फटयलो.” म्हणजे, तुला फसवलं.

चार फाइलींत नुसता खालचा आवाज कापला होता. डग्गा गेला, पण गायकाच्या आवाजातली छातीही गेली. बुवा नाक धरून गातायत असं वाटावं. दोन स्टिरिओ पदांत त्याने डाव्या बाजूतून उजवी बाजू वजा केली होती. कॅराओकेवाल्यांची ही जुनी युक्ती. तिने दोन्हीकडे सारखं असलेलं, म्हणजे मधोमध असलेलं, सगळं पुसलं जातं. मधोमध होता गायक. तो गेला आणि एका बाजूला बसलेला तबला ठणठणीत राहिला! न आलेल्या तीन मोनो असणार, असा भाच्याचा तर्क. मोनोत दोन्ही बाजू सारख्याच, वजा केल्यावर उरणार काय? शून्य.

राहिलेल्या पाच फुकटच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या. डीझर या फ्रेंच कंपनीने गाण्यातली वाद्यं सुटी करणारं स्प्लीटर २०१९मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, फेसबुकवाल्यांचं डेम्यूक्सही तसंच मोफत आहे. भाचा आपल्या ड्रमच्या सरावासाठी रोज तेच वापरतो, त्याच्या रॉकच्या गाण्यांतून ड्रम लोण्यातून केस काढावा तसे निघतात. कारण ही यंत्रं शिकली आहेत ती तसल्याच गाण्यांवर: आवाज, ड्रम, बेस आणि बाकीचं, असे चार कप्पे. आमच्या तबल्याला त्यात कप्पाच नाही. डग्ग्याची घुमार बेसमध्ये जाते, चाटीचा कडक बोल ड्रममध्ये, आणि षड्जात मिळवलेला तबला सुरात वाजतो म्हणून त्याचा ‘ना’, ‘तीं’ बाकीच्यांत राहून जातो. ड्रमचा कप्पा बंद केला की अर्धामुर्धा तबला लंगडत चालू राहतो.

म्हणजे पैसे मोजले ते भाच्याने घरी फुकट केलं असतं त्याचे, तेही धड न झालेल्या कामाचे.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर मी फोन केला तो एकोणीस दिवसांनी. आधी बायकोला सांगायला आठ दिवस लागले होते. पैसे पुढे कुठे वळायच्या आत खातं गोठवता आलं तरच परत मिळायची आशा असते, एवढं कळलं. तुमच्यावर वेळ आली तर त्याच तासाला फोन करा, लाजायचं ते नंतर लाजा.

नाटक झालं. तालमीच्या दिवशी ऑर्गनवाल्याला अर्धा तास आधी बोलावलं, नटाला शेजारी बसवलं आणि सगळी पदं तबल्याविना फोनवर मुद्रित करून घेतली. चहा-भज्यांचे एकशेवीस रुपये झाले. मधे कोंबडा आरवतो, पण लय जिवंत आहे.

त्या अकरा फाइल भाचा पुसून टाकायला निघाला होता. गायक गेलेल्या दोन मी ठेवून घेतल्या. कुणा जुन्या वादकाची धुमाळी, हा तबल्याचा एक ठेका, इतकी उघडी, एकटी मी कधी ऐकली नव्हती. रात्री जेवल्यावर हेडफोन लावून तीच ऐकत बसतो.