सुलेमानी घ्यावा की ‘ऑनिक्स’? आणि मधेच उपटलेला गोमेद

भाचीने परवा हणजूणच्या बुधवारच्या बाजारातून दोन फोटो पाठवले. एकात चांदीची अंगठी, काळ्या खड्यावर पांढरी सरळ रेघ. दुसऱ्यात हिरवट-मधाळ दगडाच्या सहा चकत्या, ग्लासाखाली ठेवायच्या. दोन्हींवर चिठ्ठी एकच: ऑनिक्स. खाली तिचा प्रश्न, ‘‘मामा, एकाच दगडाचे दोन रंग का? आणि घेऊ कुठलं?’’

दगड एक नाहीच, फक्त नाव एक आहे.

अंगठीतला तो खरा ऑनिक्स. आपल्याकडचे जुने सराफ त्याला सुलेमानी म्हणतात, कोणी सुलेमानी हकीक. हा अकीकाचाच (इंग्रजीत अगेट) पट्टेदार प्रकार. बेसॉल्ट खडकातल्या पोकळ्यांत सिलिका थराथराने साचते आणि अकीक तयार होतो. पोकळीच्या भिंतीला धरून थर बसले की पट्टे वळणदार येतात, कापलेल्या कांद्यासारखे. थर सपाट, समांतर असले तर तो ऑनिक्स. पांढऱ्याबरोबर काळ्याऐवजी तांबूस-तपकिरी पट्टा असेल तर सार्डोनिक्स. ऑनिक्स हा ग्रीक शब्द, अर्थ नख. खडा उजेडात धरून पांढरा थर पाहिलात की नाव का पडलं ते कळतं.

चकत्यांचा ऑनिक्स म्हणजे कॅल्साइट, संगमरवराचा भाऊबंद. पाकिस्तान, इराण, मेक्सिकोतून येतो. त्यालाही पट्टे असतात, उजेड आरपार जातो, दिसायला तर अंगठीतल्या खड्यापेक्षा देखणा. पण कठीणपणाच्या मोहस् मापावर अकीक साडेसहा ते सात आणि हा जेमतेम तीन. चाकूचं टोक याच्यावर रेघ ओढतं, अकीकावर नाही. वजनावरून मात्र ओळखायला जाऊ नका, दोघांची घनता जवळपास सारखीच.

आता माझी फजिती. किनाऱ्यावरच्या एका दुकानातून मी अशाच चकत्या आणल्या होत्या. पहिल्याच रविवारी लिंबू-सोड्याचा ग्लास ठेवला, दुसरीवर वाटीतून थोडी सोलकढी सांडली. संध्याकाळी पुसायला घेतलं तर ग्लासाच्या बुडाएवढं मळकट कडं उमटलेलं, तिथली चकाकी गेलेली. डाग समजून बायकोने व्हिनेगर लावलं. बारीक बुडबुडे आले आणि उरलीसुरली चमकही गेली. कॅल्साइटला आंबट सोसत नाही, आणि आपल्या घरात लिंबू, आगळ, व्हिनेगर यांतलं काहीतरी रोज ओट्यावर असतंच. म्हणून गोव्यात जेवणाच्या टेबलावर ही चीज नको, असं माझं स्पष्ट मत. दिव्याची शेड किंवा शोकेसमधला हत्ती घ्यायचा तर खुशाल घ्या.

अंगठीचं मात्र वेगळं. हात धुणं, भांडी, समुद्राचं पाणी, अकीक सगळं सोसतो. शंका रंगाची. मुळात इतका गडद काळा पट्टा निसर्गात क्वचित मिळतो, बाजारातला बहुतेक काळा ऑनिक्स रंगवलेला असतो. रीत जुनीच: दगड साखरेच्या पाकात भिजत ठेवायचा, मग गंधकाम्लात तापवायचा. छिद्रांत शिरलेली साखर आतल्या आत जळून कोळसा होते. घट्ट थरांत पाक शिरतच नाही, ते पांढरे राहतात, म्हणून रेघ एवढी ठळक दिसते. मला यात फसवणूक वाटत नाही, कारण हा काळा उतरत नाही. फक्त विकणाऱ्याने ‘नैसर्गिक’ म्हणून जास्त दाम लावू नये. झगझगीत गुलाबी-जांभळ्या अकीकापासून मात्र लांब राहा. तिथे बऱ्याचदा साधा सेंद्रिय रंग असतो, उन्हात विटतो.

‘‘हा वागातोरच्या खडकातला,’’ असं कोणी सांगितलं तर हसून पुढे चला. दख्खनचा बेसॉल्ट गोव्याच्या ईशान्य कोपऱ्यात जरासा डोकावतो, किनाऱ्यावर आपला जांभा. अकीकाच्या कामाचं जुनं गाव गुजरातेतलं खंभात, कच्चा दगड भरूचजवळच्या रतनपूरचा.

भाचीच्या सासूबाईंनी वर आणखी एक फाटा फोडला: ‘‘ज्योतिषांनी जावयाला राहूसाठी गोमेद सांगितलाय, हाच ना तो?’’ नाही. काही शब्दकोशांत अकीकाला गोमेद असा प्रतिशब्द सापडतो, घोळ तिथून होतो. नवरत्नांतला गोमेद म्हणजे हेसोनाइट, गार्नेटच्या कुळातला, मधासारखा किंवा गोमूत्राच्या रंगाचा, पट्टे नसलेला. तो अकीकापेक्षा बराच जड, घनता साडेतीनच्या वर; अकीकाची अडीचच्या आसपास. राहूवर तुमचा विश्वास असो-नसो, गोमेदाचे पैसे मोजून सुलेमानी घरी आणू नका.

तिला मी अंगठी घ्यायला सांगितली, काळा रंगवलेला आहे हे धरून भाव करायला सांगितला. घेताना खडा उजेडात धरून पांढऱ्या रेघेची कड बघ म्हटलं: रेघ वरून काढलेली नसून कडेवरून आत उतरताना दिसली पाहिजे. तिने तासाभराने कडेचा फोटो पाठवला. रेघ आत उतरत होती. चकत्याही तिने घेतल्याच, दोन, कुंड्यांखाली ठेवायला.