मोठं हाउसकीपिंग (साफसफाईचं) कंत्राट तिघांत घ्यायचंय: हाताखाली, कन्सोर्टियम की एलएलपी?

हिंजवडी-खराडीकडे एखाद्या आयटी पार्कचं काम निघतं. माणसं लागतात साठ, आपल्याकडे असतात वीस-बावीस. मग ओळखीच्या दोघांना फोन जातो. त्याआधी पैशाचं गणित मांडा. साफसफाई तिघांनाही येते, अडतं ते सात तारखेच्या पगारापाशी.

माणशी १६,००० धरले तर ६० जणांचे महिन्याला ९ लाख ६० हजार. जूनचं बिल जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेलं आणि ४५ दिवस लागले, तर पैसे येतात ऑगस्टच्या मध्यावर. तोवर जून आणि जुलै असे दोन पगार आपल्या खिशातून गेलेले असतात, म्हणजे १९ लाखांच्या वर. शिवाय बिल काढलं की १८ टक्के जीएसटी भरायचाच, काम देणाऱ्या कंपनीने पैसे दिलेले असोत वा नसोत. आणि कामगारांच्या पीएफ-ईएसआयची (भविष्य निर्वाह निधी आणि आरोग्य विम्याची) चलनं जोडली नाहीत तर बिल पुढे सरकतच नाही.

पहिला मार्ग म्हणजे एकाने कंत्राट घ्यायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या हाताखाली मजले वाटून घ्यायचे. उभं करायला हा सगळ्यात सोपा. मात्र उलाढाल आणि अनुभव त्या एकाचाच बघतात, आणि बऱ्याच टेंडरांत लेखी परवानगीशिवाय पोटकंत्राट चालत नाही. हाताखालच्यांनी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी करून घ्यावी. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलं तरी सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. ‘वरून आले की देतो’ हे या कायद्यात बसत नाही. पण दोस्तावर तक्रार टाकायला हात धजत नाही, म्हणून तारखा सुरुवातीलाच कागदावर घ्या.

दुसरा मार्ग कन्सोर्टियमचा, म्हणजे तिघांनी आपापल्या फर्म वेगळ्या ठेवून एकत्र टेंडर भरायचं. टेंडरमध्ये मुभा असेल तर तिघांचा अनुभव एकत्र धरला जातो, हा मोठाच फायदा. त्याबदल्यात जबाबदारी बहुधा संयुक्तपणे आणि पृथकपणे लिहून घेतात. म्हणजे एकाने पीएफ बुडवला तर वसुली तुमच्याकडूनही होऊ शकते.

यातली दुसरी अडचण मी स्वतः भोगली आहे. एका साइटवर खालचे दोन मजले माझे, वरचे तीन दुसऱ्याचे. माझ्या बायकांना महिन्याला दीड हजार कमी मिळतात हे त्यांना चहाच्या वेळी कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॉपच्या बादल्या लॉबीत ओळीने तशाच उभ्या होत्या. त्या बायकांचं बरोबर होतं: एकाच छताखाली एकच काम, तर पगारही एकच हवा. त्याच महिन्यात वरच्या मजल्यावर टॉयलेटचा लाल कपडा पॅन्ट्रीच्या ओट्यावर फिरला आणि तक्रारीची मेल दोघांनाही आली. पगार, युनिफॉर्म, कपड्यांचे रंग आणि सुपरवायझर एकच ठेवायचं आधी ठरवलं असतं तर दोन्ही टळलं असतं.

तिसरा मार्ग एलएलपीचा, म्हणजे मर्यादित देण्याच्या भागीदारी फर्मचा. साध्या भागीदारीत घरादारापर्यंत देणं येतं, इथे ते साधारणपणे गुंतवलेल्या भांडवलापुरतं राहतं. बँक मात्र भागीदारांची वैयक्तिक हमी मागते, हे विसरू नका. पगार एका रजिस्टरमधून निघतो, स्क्रबर आणि सिंगल डिस्क ही फरशी घासायची मशीनं फर्मच्या नावावर येतात. अडचण एवढीच की नव्या एलएलपीची अनुभवाची पाटी कोरी असते. तिन्ही भागीदारांची जुनी कामं धरतील की नाही, हे त्या त्या टेंडरवर असतं. उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की ऑडिट सक्तीचं होतं.

माझं मत विचाराल, तर पहिलं वर्ष हाताखालच्या पद्धतीने एखाद्या खाजगी कंपनीचं काम घ्या. बारा पगार वेळेवर झाले तरच एलएलपी काढा. कन्सोर्टियम एखाद्या ठरावीक टेंडरपुरतंच ठेवा. कुठलाही मार्ग धरा, पण दोघांना आज एवढंच विचारा: पैसे अडकले तर सात तारखेला तू किती टाकशील? तिघांचे आकडे मिळून दोन पगार निघत नसतील, तर या खेपेला वीस माणसांचं काम शोधा.