दीड वर्षाचा वापर: खिशातला एएम रेडिओ, ८८० आणि मेट्सचे दोन सप्टेंबर

परवा कंपनीच्या ग्राहक सेवेने मला रेडिओचं अॅप अपडेट करायला सांगितलं, म्हणून हे लिहायला बसलोय. या रेडिओला अॅप नाही. ब्लूटूथ नाही, स्क्रीन नाही, घड्याळसुद्धा नाही. ट्यूनिंगची चक्री सैल झाली आहे एवढीच माझी तक्रार होती. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्ही तो बंद करून पुन्हा चालू करून पाहिलात का?"

स्पेक्स सांगत बसत नाही. एएम-एफएम, दोन पेन्सिल सेल, हाताने फिरवायची चक्री, वीस डॉलरच्या आत किंमत. असे रेडिओ दहा नावांनी विकले जातात आणि आतून सगळे सारखेच असतात. मी तो २०२४ च्या मे महिन्यात घेतला, आणि तो निव्वळ कंजूषपणाने. त्या वर्षी न्यू जर्सीत राहून मेट्सच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या बेसबॉल टीमच्या, मॅच रीतसर बघायच्या तर केबल घ्यावी लागायची, कारण लीगच्या पॅकेजमध्ये आपल्याच भागातल्या टीमच्या मॅच दिसत नव्हत्या. काही मॅच चॅनेल ११ वर फुकट लागत, बाकीच्यांसाठी महिन्याचं बिल. आणि टीम कशी, तर पहिल्या पाच मॅच हरून सुरुवात केलेली, जूनच्या सुरुवातीला २४ विजय आणि ३५ पराभव. अशा टीमसाठी केबल कोण घेणार? एएमवर ८८० हे स्टेशन लावलं की सगळं फुकट ऐकू येतं.

पहिल्या महिन्यात मी या रेडिओला दोन स्टार दिले असते. इयरफोन लावला की आवाज फक्त डाव्या कानात. आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात नुसती खरखर. एलईडी दिवा लावला खरखर, लॅपटॉपचा चार्जर लावला खरखर. त्या वेळी बाबा नाशिकहून आले होते. मी अँटेनाची दांडी वर-खाली करत होतो. ते बघून म्हणाले, "अरे, मीडियम वेव्हला त्या दांडीचा काय उपयोग? रेडिओच फिरव." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही करून दाखवा." त्यांनी तो पाव वळसा फिरवला आणि स्वच्छ आवाज आला. बाहेरची दांडी एफएमसाठी असते. एएमची अँटेना आत असते, फेराइटची काडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तार. काडी स्टेशनच्या दिशेला आडवी आली की आवाज भरतो, तिचं टोक तिकडे झालं की पडतो. ८८० चा मनोरा ब्राँक्सजवळच्या हाय आयलंडवर आहे, ५० हजार वॉटचा. न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या टीमच्या, यँकीजच्या, मॅच देणारं ६६० सुद्धा तिथूनच निघतं. तेव्हापासून आमच्या ओट्यावर रेडिओची जागा आणि दिशा ठरलेली आहे. तिथे कुणी पोळ्यांचा डबा ठेवला की मी सरकवतो. चांगल्या रिसेप्शनसाठी पैसे लागत नाहीत ही बातमी मला फार आवडली.

आता चक्री. बाकी काही वाचलं नाहीत तरी हे वाचा. चक्रीला खाच नाही, लॉक नाही, आणि ती नेमकी अंगठा जातो तिथे बाहेर आलेली आहे. खिशात ठेवून जिना चढलात की ८८० गेलं. काट्याखाली आकडे ५३, ६०, ७०, ८०, १००, १२०, १६० असे शेवटचं शून्य गाळून छापलेत, म्हणजे ८८ कुठे ते तुम्ही अंदाजाने शोधायचं. शोधेपर्यंत दोन आउट होतात. शेवटी बायकोच्या टिकल्यांच्या पाकिटातली सगळ्यात बारीक टिकली काचेवर नेमक्या जागी चिकटवली. घामाने ती सरकते, मग नवी लावायची. त्यात ऑगस्टमध्ये वेगळाच गोंधळ. २६ ऑगस्ट २०२४ ला ८८० चं नावच बदललं. १९६७ पासून बातम्या देणारं स्टेशन एका दिवसात खेळांचं झालं. मी चक्री मागेपुढे करत बसलो, म्हटलं पुन्हा सरकली. ती टिकलीखालीच होती. मॅच मात्र तिथेच राहिल्या, तेवढं बरं.

ग्रिमेस प्रकरण सगळ्यांना पाठ असेल. १२ जूनला मॅकडोनाल्ड्सच्या या जांभळ्या बाहुल्याने मॅचआधीचा मानाचा पहिला चेंडू टाकला आणि टीम लागोपाठ सात मॅच जिंकली. माझा त्यावर विश्वास नाही. पण सप्टेंबरमध्ये मीही जुने सेल बदलायला तयार नव्हतो. टीम त्याच सेलवर जिंकत होती, आणि शिवाय ते अजून चालत होते.

माझं मत खरं बदललं ते प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीच्या, शर्यतीत. तेव्हा सगळी मजा वेळेची असते. शेजारचा मित्र फोनवर स्ट्रीम बघतो. त्याचं चित्र अर्धा-पाऊण मिनिट मागे. भिंत पातळ. मी ओरडलो की त्याला कळायचं आता काहीतरी होणार, आणि त्याच्या पडद्यावर पिचर अजून टोपी सारखी करत असायचा. त्याने आधी विनंती केली, मग भांडला, आता तोही येऊन आमच्या ओट्याशी उभा राहतो. हवेतून येणाऱ्या एएमपुढे कुठलंही महागडं पॅकेज टिकत नाही.

आणि तो सोमवार, ३० सप्टेंबर. हेलीन वादळामुळे अटलांटातल्या दोन मॅच पुढे ढकललेल्या, त्यामुळे सगळ्यांचा सीझन संपल्यावर मेट्स आणि अटलांटाचे ब्रेव्ह्ज एकाच दिवशी दोनदा खेळणार. प्लेऑफसाठी दोघांनाही एकच विजय हवा होता. दोघांनी एकेक जिंकली असती तर घरी बसून वाट बघणारी ॲरिझोना बाहेर. पहिली मॅच दुपारी एकनंतर, आणि मला ऑफिसचा कॉल. इथे त्या एका कानाच्या आवाजाचं सोनं झालं: डाव्या कानात अटलांटा, उजव्यात आमचा मॅनेजर. खरखर नको म्हणून चार्जर काढून ठेवलेला. नऊपैकी आठव्या इनिंगपर्यंत ०-३, मग मेट्सचे धडाधड सहा रन, ६-३. लॅपटॉपची बॅटरी लाल झाली म्हणून चार्जर लावला, आणि त्या भणभणाटातच ब्रेव्ह्जच्या ऑल्बीजचा डबल, म्हणजे दोन बेसचा फटका, ऐकला. एक रन आधीच गेला होता, आता तिन्ही बेसवरचे आत, ब्रेव्ह्ज ७-६. चार्जर उपटला. नवव्यात मेट्सचा मार्टे बेसवर आणि लिंडोरचा होम रन, दोघेही आत, ८-७. लॅपटॉप बंद पडला. कॉलवरून मी अचानक गायब झाल्याचं कुणी विचारलं नाही. दुसरी मॅच मेट्स ०-३ ने हरले आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही. तिघेही ८९ विजय, ७३ पराभवांवर, टायब्रेकरमध्ये ॲरिझोना घरी.

तीन दिवसांनी मिलवॉकीत ०-२ ने मागे असताना नवव्यात मेट्सच्या अलोन्सोने त्यांच्या पिचरला, डेव्हिन विल्यम्सला, तीन रनांचा होम रन मारला. तो मेट्सचे रेडिओ समालोचक हाउई रोझ यांच्या तोंडून ऐकलाय. नंतर व्हिडिओ बघितला तेव्हा चेंडू वाटला होता त्यापेक्षा बराच खाली होता. रेडिओवरचा उंच होता. पुढे डॉजर्सनी सहा मॅचमध्ये बाहेर काढलं, पण त्या ऑक्टोबरात मी या वस्तूला पाच स्टार दिले असते, चक्रीसकट.

ते लिहिलं नाही ते बरंच झालं. २०२५ यायचं होतं. सोटो या नव्या खेळाडूला १५ वर्षांसाठी ७६५ दशलक्ष डॉलर, जूनच्या मध्यावर ४५-२४, सगळ्या लीगमध्ये अव्वल. मी नवे सेल आणले, चांगल्यातले. मग घसरण सुरू झाली आणि सप्टेंबरात पाठलाग करणारे होते सिनसिनाटी रेड्स. त्यांची मॅच ७०० वर लागते. ५० हजार वॉटचं स्टेशन, रात्री हवेच्या वरच्या थरावरून परतून शेकडो मैल ऐकू येतं, बाबांच्या भाषेत "लांबचं स्टेशन". पण इथे शेजारच्या खणात ७१० हे न्यू जर्सीतूनच प्रक्षेपण करणारं धिप्पाड स्टेशन बसलंय. स्वस्त रेडिओला दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. रेडिओ सगळ्या दिशांना फिरवला. मधूनच गर्दीचा आवाज यायचा आणि लगेच ७१० वरचे गृहस्थ बोलायला लागायचे. लांबच्या स्टेशनांसाठी घेणार असाल तर घेऊ नका.

सेलच्या बाबतीत मात्र टीमने मदत केली. त्या वर्षी आठ इनिंगनंतर मागे असलेली एकही मॅच मेट्स जिंकले नाहीत. एकही. हे ऑगस्टमध्ये लक्षात आल्यावर टीम मागे असली की मी आठवी संपताच रेडिओ बंद करायचो. फक्त २८ सप्टेंबरला, मायामीतल्या शेवटच्या मॅचला, चालू ठेवला. सिनसिनाटी हरत होती, म्हणजे जिंकलं की आत. पाचव्यात तिन्ही बेस भरलेले आणि अलोन्सोचा सणसणीत फटका सरळ लेफ्ट फिल्डरच्या हातात. ०-४. दोन्ही टीम ८३-७९, आपसातल्या मॅच रेड्सनी जास्त जिंकलेल्या, सीझन खलास. शेवटचा आउट होईपर्यंत चक्री जागची हलली नाही. नेमकी त्या दिवशी हलली असती तर चाललं असतं.

त्यानंतरच्या आठवड्यात ती गरगर फिरायला लागली, काटा जागेवरच. आतला दोरा सुटला असणार. वॉरंटी कधीच संपली. दुरुस्तीसाठी स्वखर्चाने पाठवा म्हणतात, आणि टपालखर्च ऐकल्यावर मी फोन ठेवला. सध्या काटा ८८० वरच अडकलाय, त्यामुळे तसं काही बिघडलेलं नाही. यँकीज ऐकायचे असते तर वांधे होते.

तीन स्टार. सेल काढून ठेवलेत, नाहीतर हिवाळ्यात पाझरतात. मार्चपर्यंत कुणाला बटणाचं ट्यूनिंग आणि लॉक असलेलं, चाळीस डॉलरच्या आतलं मॉडेल सापडलं तर जरूर सांगा. पेन्सिल सेलवरचंच हवं, चार्जरवालं नको.