सीओटू मीटर: चकल्या तळताना कामाचं, पाइपलाइनसाठी नाही

घरातल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं हे मीटर आठ महिने वापरून मग लिहितेय. आम्ही अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एम्सला राहतो. चारी बाजूंनी मका, मक्याचं इथेनॉल, आणि ते करताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड. हा वायू पाच राज्यांतून सुमारे 2,500 मैल पाइपलाइननं नॉर्थ डकोटाला नेऊन खोल खडकात कोंडायचा, अशी समिट कार्बन सोल्युशन्स या कंपनीची मूळ योजना. आमच्या स्टोरी काउंटीनं (म्हणजे जिल्ह्यानं) घरांपासून लाइन किती लांब हवी, याचा नियम केला होता. डिसेंबर 2023 मध्ये फेडरल कोर्टानं तो उडवला आणि जून 2025 मध्ये अपिलातही तेच झालं. सुरक्षा केंद्र सरकार बघेल, मार्ग राज्याचं मंडळ बघेल, काउंटीनं मधे पडायचं नाही. मंडळानं तर अटी घालून जून 2024 मध्येच परवाना दिला होता. म्हटलं, लाइन गळली तर कळायला निदान घरात मीटर तरी असू दे.

घेणाऱ्यांनी एक बघा: घाईत मी आधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागवला. तो वायू वेगळा, सेन्सर वेगळा. डायऑक्साइड त्याला कळत नाही. चूक माझीच, पण परत पाठवायचा खर्चही माझ्याच गळ्यात.

आता खऱ्या मीटरबद्दल. आकडे मोठे, चष्म्याशिवाय दिसतात. अंगणात 430 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास, दार लावून झोपलं की पहाटे 1,600. दिवाळीत थंडीमुळे खिडक्या बंद, गॅसवर चकल्यांचा घाणा, आकडा 2,400 वर, तांबडा दिवा आणि अखंड पीं-पीं. मिरजेहून आलेले अप्पा, माझे सासरे, म्हणाले, "अगं, त्या डबड्याला एक चकली दे, गप्प बसेल." खिडकी उघडली, वीस मिनिटांत 900. एवढ्या कामाला पैसे वसूल.

तक्रार हिवाळ्यातली. हे मीटर आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा म्हणजे ताजी हवा असं धरून स्वतःला जुळवून घेतं. आमचं घर महिनाभर बंद, त्यामुळे ते सरळ खोटं बोलायला लागलं. कंपनीनं दोन आठवड्यांनी उत्तर दिलं ते माहितीपत्रकातलंच पान. शेवटी कडाक्याच्या थंडीत ओसरीवर ठेवून ठिकाणावर आणलं.

पण ज्यासाठी घेतलं त्याचं काय? मीटर 5,000 पीपीएमला थांबतं, पुढे नुसतं ‘हाय’. 5,000 ही कामगारांसाठी आठ तासांची मर्यादा. जिवाला तात्काळ धोका 40,000 ला. म्हणजे 6,000 आणि 60,000 यात याला फरकच नाही. 22 फेब्रुवारी 2020 ला मिसिसिपीतल्या सटार्शियाजवळ पावसानं जमीन खचून अशी लाइन फुटली. हा वायू हवेपेक्षा जड, सखल भागात साचतो. 45 जणांना दवाखान्यात न्यावं लागलं, सुमारे 200 जणांना गाव सोडावं लागलं. गाड्या जागच्या जागी बंद पडल्या, कारण इंजिनालाही ऑक्सिजन लागतो. तिथे टेबलावरचं मीटर वाजून पळायचं कशात?

शेजारच्या मकावाल्या आजोबांना दाखवलं. त्यांनी उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "हे आमच्या फायर स्टेशनवर का नाही?" प्रश्न अगदी बरोबर होता. जानेवारी 2025 मध्ये केंद्रानं मांडलेल्या मसुद्यात नेमकं तेच होतं: स्थानिक दलांकडे वायू ओळखायची यंत्रं आहेत हे कंपनीनं बघायचं, प्रशिक्षणही द्यायचं. मसुदा महिनाभरातच मागे घेतला गेला. इलिनॉयनं जुलै 2024 मध्ये केंद्राचे नवे नियम येईपर्यंत, फार तर जुलै 2026 पर्यंत, नव्या लाइनी थांबवल्या. साउथ डकोटानं मार्च 2025 मध्ये अशा लाइनींसाठी सक्तीनं जमीन घेणंच बंद केलं. आमच्याकडे सक्तीला लगाम घालणारं विधेयक दोन्ही सभागृहांत पास झालं, आणि जून 2025 मध्ये गव्हर्नरबाईंनी व्हेटो केलं.

स्वयंपाकघरासाठी पाचपैकी चार तारे. पाइपलाइनसाठी शून्य, आणि ते शून्य मीटरच्या खात्यात नाही. आजोबांनी मीटर दोन दिवसांसाठी नेलंय, तळघरात ठेवून बघतो म्हणाले.