एनएक्स वापरून वर्ष होत आलं: मॉडेल शिकवायला नाही, चालवायला घ्या

आमचं वेब अ‍ॅप आधीपासून इलिक्सर या प्रोग्रॅमिंग भाषेत. त्याच्या शेजारी फक्त मशीन लर्निंगच्या मॉडेलसाठी वेगळी पायथन सर्व्हिस सांभाळायचा वीट आला, म्हणून एनएक्सकडे वळलो. जोसे व्हालिम आणि शॉन मोरिआरिटी यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेली ही इलिक्सरची, आकडेमोड आणि मशीन लर्निंगसाठीची लायब्ररी.

पहिली शंका सगळ्यांना येते तीच: इलिक्सरमध्ये डेटा जागच्या जागी बदलता येत नाही, मग लाखो आकड्यांच्या टेन्सरमधला (बहुमितीय तक्त्यातला) एक आकडा बदलायला अख्खी प्रत काढायची? नुसतं एनएक्स टाकलंत तर थोडंफार तसंच होतं. डिफॉल्ट बॅकएंड, म्हणजे प्रत्यक्ष गणित करणारा भाग, शुद्ध इलिक्सरचा. शिकायला ठीक, कामाला बैलगाडी. 'एक्सला' (EXLA) हे एक्सएलए कंपायलर वापरणारं पॅकेज जोडा आणि फंक्शन नेहमीच्या 'डेफ'ऐवजी एनएक्सच्या 'डेफएन'ने लिहा. मग आतली गणितं सुटी सुटी चालत नाहीत. आधी त्यांचा एकत्र ग्राफ (गणितांचा आराखडा) बनतो आणि एक्सएलए कंपायलर त्यावरून सीपीयू किंवा जीपीयूचा कोड काढतो. मधल्या बऱ्याच प्रती मेमरीत येतच नाहीत.

डेफएनच्या आत मात्र नेहमीचं इलिक्सर विसरा. 'व्हाइल' लूपमध्ये बेरीज ० पासून सुरू करून आत अपूर्णांक मिळवलात की एरर, कारण सुरुवातीचा टाइप (पूर्णांक की अपूर्णांक) आणि शेप (टेन्सरचा आकार) प्रत्येक फेरीत तोच राहायला हवा. ०.० लिहा, चालतं. 'आयओ.इन्स्पेक्ट' टाकलं तर किंमत दिसत नाही, ग्राफ छापला जातो. किमतीसाठी 'प्रिंट_व्हॅल्यू' आहे. हे आधी कुणी सांगितलं तर बराच ताप वाचतो.

पैसे वसूल होतात ते मॉडेल चालवून रिक्वेस्टना उत्तरं देणाऱ्या 'एनएक्स.सर्व्हिंग'मध्ये. (लायब्ररी फुकट आहे, पण वेळेचे पैसे धरा.) बंबलबी या लायब्ररीतून हगिंग फेस या साइटवरचं तयार मॉडेल उचलायचं आणि सर्व्हिंग अ‍ॅपच्या सुपरव्हिजन ट्रीत (प्रोसेसवर देखरेख करणाऱ्या रचनेत) टाकायचं. समजा बॅच ८ रिक्वेस्टची, वाट पाहायची १०० मिलिसेकंद: तेवढ्यात वेगवेगळ्या युजरच्या आलेल्या रिक्वेस्ट आपोआप एकत्र मॉडेलकडे जातात. प्रोसेस पडली तर सुपरवायझर पुन्हा उभी करतो. मध्ये वेगळी क्यू नाही, एचटीटीपी नाही. फक्त वाक्याची कमाल लांबी आधीच ठरवून कंपाइल करा, नाहीतर नवा शेप आला की पुन्हा कंपाइल, आणि तो पहिला युजर ताटकळतो.

ट्रेनिंगसाठी, म्हणजे मॉडेल शिकवायला, एनएक्सवर बांधलेलं अ‍ॅक्सन आहे, नीटनेटकं आहे. तरी तयार कोड आणि उत्तरं पायथनमध्येच सापडतात, त्यामुळे ते काम मी तिकडेच ठेवलंय. विंडोजवाल्यांनी एक्सलासाठी सरळ डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) घ्यावं. आणि मॉडेलचं आर्किटेक्चर बंबलबीत नसेल, तर ओएनएनएक्स (मॉडेल साठवायचा सामाईक फॉरमॅट) फाइल काढून ऑर्टेक्स या लायब्ररीने चालवा. सर्व्हिंग तिथेही तसंच लागू पडतं.