हॅमिल्टन की कर्टिस? ‘हंप’वर सापडलेल्या प्रोपेलरची ओळख पटवताना

१९४२ ते १९४५ या काळात आसाममधील चबुआ, दिंजन, मोहनबारी येथील धावपट्ट्यांवरून चीनमधील कुनमिंगला रसद नेताना, पूर्व हिमालयावरच्या ‘हंप’ या हवाई मार्गावर शेकडो विमाने कोसळली. त्यांचे अवशेष आजही अरुणाचलच्या जंगलांत सापडतात. तिथून आलेला प्रोपेलर संग्रहात घ्यायचा की नाही, आणि घेतल्यास त्याच्या पाटीवर काय लिहायचे, हे ठरवताना निवड बहुधा दोन अमेरिकी उत्पादकांमध्ये करावी लागते: हॅमिल्टन स्टँडर्ड आणि कर्टिस इलेक्ट्रिक.

पहिली पारख चुंबकाने करावी. तो हबला, म्हणजे पाती ज्यात बसवतात त्या मधल्या भागाला, लावून उपयोग नाही, कारण हब दोघांचेही पोलादी असत; तो पात्याला लावावा. हॅमिल्टनची पाती अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, भरीव आणि घडीव असल्यामुळे चुंबक चिकटत नाही, आणि वर्षानुवर्षे पावसात पडलेल्या पात्यावर पांढरट भुकटी व बारीक खड्डे दिसतात. कर्टिसची बहुतेक पाती पोलादी आणि आतून पोकळ होती. ती तांबूस गंजतात, आणि टोक फाटलेले असेल तर आतली पोकळी सरळ दिसते. मात्र कर्टिसने अ‍ॅल्युमिनियमची पातीही बनवली होती, म्हणून चुंबक चिकटला नाही एवढ्यावरून हॅमिल्टनचा निर्वाळा देऊ नये.

शंका राहिलीच तर हबचा पुढचा भाग पाहावा. हॅमिल्टनच्या हायड्रोमॅटिक प्रकारात तिथे अंड्याच्या आकाराचा घुमट असतो आणि त्यातला दट्ट्या तेलाच्या दाबाने पात्यांचा कोन बदलतो. कर्टिसमध्ये त्या जागी विजेची मोटर व गिअर असतात आणि हबच्या मागे वीज पोहोचवणारी सरकती कडी असतात. घुमट किंवा मोटर निखळून गेली असली तरी मागची कडी बऱ्याचदा शाबूत राहतात.

आता खरा पेच. हबवर ‘२३ई५०’ असा ठसा सापडला की विक्रेता लगेच ‘हे डाकोटाचे’ म्हणून मोकळा होतो. या ठशातला ३ म्हणजे पात्यांची संख्या, ‘ई’ म्हणजे पात्याच्या मुळाचे माप आणि ५० म्हणजे इंजिनच्या शाफ्टवरील खाचांचे प्रमाणित माप. विमानाचे नाव त्यात कुठेच नाही. सी-४७ डाकोटा हे दोन इंजिनांचे मालवाहू विमान आणि बी-२४ लिबरेटर हे चार इंजिनांचे बॉम्बर, पण दोन्हींवर प्रॅट अँड व्हिटनीचे आर-१८३० इंजिन आणि हेच हब होते. पात्यावरचा ‘६४७७ए-०’ हा क्रमांकही अनेक जातींच्या विमानांवर आढळतो. डॅशनंतरचा आकडा मूळ आराखड्यापेक्षा व्यास किती इंचांनी कमी केला, एवढेच सांगतो. त्यातच दुरुस्तीच्या वेळी पाती अदलाबदल होत असल्याने तीन पात्यांचे तीन वेगळे अनुक्रमांक निघाले तरी तो बनावटपणाचा पुरावा ठरत नाही.

कर्टिसच्या बाजूने काम थोडे सोपे आहे. चार पोलादी पाती आणि विजेची मोटर असेल तर या मार्गावर पहिला अंदाज सी-४६ कमांडो या मालवाहू विमानाचा करावा. मात्र ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील पी-४७ लढाऊ विमानांवरही चार पात्यांचे कर्टिस होते, त्यामुळे अवशेष कुठे सापडला हे विचारणे भाग पडते.

वाकलेल्या पात्यांवरून ‘आदळताना इंजिन चालू होते’ अशा कथा रंगवल्या जातात. टोके पुढे वळली असतील तर तसा संशय घ्यायला जागा असते, पण दरीत गडगडलेल्या किंवा ओढून आणलेल्या अवशेषाबाबत मी त्यावर पैज लावणार नाही.

माझे मत असे की दोन प्रोपेलर समोर असतील तर घासून चकचकीत केलेल्यापेक्षा मळकट पण ठसे शाबूत असलेला घ्यावा. वाळूच्या माऱ्याने साफ केलेल्या पात्याच्या मुळावरचा क्रमांक बहुधा परत मिळत नाही. उलट मळक्या मुळाशी विजेरी आडवी धरली, किंवा कागद ठेवून पेन्सिल घासली, की ठसा उमटतो. पाटीवर ‘हॅमिल्टन स्टँडर्ड, २३ई५०’ एवढेच लिहावे, आणि इंजिनची पट्टी किंवा शेपटीवरचा क्रमांक त्याच जागी सापडला असेल तरच विमानाचे नाव जोडावे. बेपत्ता सैनिकांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी यंत्रणेची पथके अरुणाचलमध्ये येऊन गेली आहेत, कारण अशा जागी विमानातील माणसांचे अवशेषही असू शकतात. म्हणून जागा सांगायला तयार नसलेल्या विक्रेत्याकडून प्रोपेलर घेऊच नये.