जहाजावरची कार्यपद्धती: कागदी फाइल की सॉफ्टवेअर?

उद्यमबागेतल्या कारखान्यात आयएसओच्या फायली सांभाळणाऱ्यांना, कामाच्या लेखी पद्धती कागदावर ठेवायच्या की सॉफ्टवेअरमध्ये, हा पेच ओळखीचा वाटेल. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडून मर्चंट नेव्हीत जाणाऱ्या पोरांसाठी तो जिवाशी जोडलेला आहे.

आयएसएम कोड, म्हणजे जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय नियमावली, १९९८ आणि २००२ अशा दोन टप्प्यांत बंधनकारक झाला. त्याचा अकरावा भाग कागद असो वा स्क्रीन, एकच मागतो: चालू आवृत्ती कामाच्या जागी हवी, बदल अधिकृत माणसाने तपासून मंजूर करावा, कालबाह्य प्रत लगेच काढावी.

कागदी फाइल वीज गेली तरी वाचता येते. पण सुधारित पानं जहाजावर पोहोचायची, कुणीतरी ती बदलायची, नोंद करायची. एक पान राहून गेलं तर बंद टाकीत उतरणारा खलाशी जुनीच पद्धत पाळतो. मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच.

सॉफ्टवेअरमध्ये बदल सगळ्या जहाजांना एकाच वेळी पाठवता येतो, कुणी उघडला तेही कळतं. सॅटेलाइटचं इंटरनेट रखडलं तर मात्र तोही अडकतो. आणि ‘वाचलं’ अशी टिक केली म्हणजे समजलं असं नव्हे.

माझा कौल सॉफ्टवेअरला. मात्र आणीबाणीच्या चेकलिस्ट ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथे) आणि इंजिन कंट्रोल रूममध्ये छापीलच हव्यात, आवृत्ती क्रमांक आणि तारखेसह.